आपल्या माळावर रॉकेट उतरेल का? जागा, माती आणि काँक्रीटबद्दल

माळावरचा मिस्त्री (जिंतूर)

रामराम मंडळी.

माझा भाचा लातूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आला तेव्हा त्यानं मोबाईलवर रॉकेट उभंच्या उभं खाली उतरतानाचा व्हिडिओ दाखवला आणि सरळ विचारलं, "मामा, आपल्या वरच्या माळावर हे का उतरू नये? नुसतं कुसळच तर हाय तिथं." मी गेली बावीस वर्षं पाये खोदतोय, स्लॅब टाकतोय. एवढं मोठं धूड उतरलं तर जमीन खचेल, असं मी लगेच बोलून गेलो. तो म्हणाला, "आधी वजन तर बघ."

बघितलं. माझाच अंदाज चुकला होता. अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा जो खालचा टप्पा परत येतो, तो चाळीस मीटरच्या वर उंच आहे. म्हणजे बारा-तेरा मजली इमारत. पण उतरताना टाक्या जवळजवळ रिकाम्या असतात, त्यामुळं वजन ढोबळमानानं २५ ते ३० टन. चार पायांवर वाटलं तर एका पायाला सात-साडेसात टन. भरलेला दहाचाकी ट्रक आमच्या कच्च्या रस्त्यानं तेवढ्याच वजनाचा रोज जातो. नुसतं वजनच पेलायचं असेल तर नीट दबाई केलेला दीड फूट मुरूमही पुरेल.

मग त्या लोकांनी केप कॅनाव्हेरलला ८६ मीटर व्यासाचं काँक्रीटचं वर्तुळ कशाला केलं? समुद्रात ९१ बाय ५२ मीटरचा तराफा कशाला नेऊन ठेवतात? अडचण वजनाची नसेल तर नेमकी कशाची आहे? आणि मराठवाड्यात अशी जागा निघू शकते का? लेकराला खरं उत्तर द्यायचंय. जाणकारांनी सांगावं.

नाथसागर (छत्रपती संभाजीनगर)

मिस्त्री, मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तुमच्या भाच्यासारखी पोरं वर्गात आली की दिवस चांगला जातो.

जागा निवडताना आधी आकाशातली वाट बघतात, जमीन नंतर. श्रीहरिकोटाहून रॉकेट सुटलं की ते बंगालच्या उपसागरावरून जातं. पहिला टप्पा साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर सुटा होतो, तेव्हा त्याचा वेग ताशी हजारो किलोमीटर असतो आणि तोंड समुद्राकडं. त्याला माघारी आणायचं तर तो सगळा वेग आधी मारावा लागतो, मग उलटा वेग द्यावा लागतो. हे सगळं इंधन वर नेताना अंगावर वागवायचं, म्हणजे तेवढा उपग्रहाचा भार कमी. टप्पा परत आणायचा नसेल तर फाल्कन ९ पृथ्वीजवळच्या कक्षेत २२,८०० किलो नेऊ शकतं, असा कंपनीचाच आकडा आहे. तराफ्यावर उतरवायचं ठरवलं की हा भार १७ टनांच्या आसपास येतो, आणि किनाऱ्यावर परत बोलावलं तर आणखी खाली. म्हणून तराफा पाच-सहाशे किलोमीटर पुढं समुद्रात, टप्पा जिकडं जातोय तिकडंच नेऊन ठेवतात.

आता नकाशा घ्या. श्रीहरिकोटाहून लातूर हवाई अंतरानं सुमारे साडेसहाशे किलोमीटर, आणि तेही पाठीमागं. मधे आंध्र, तेलंगण, कर्नाटकातली हजारो गावं. उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचा टप्पा आपल्या माळावर आणून उतरवणं इंधनाच्या हिशोबात बसत नाही, आणि माणसांच्या जिवाच्या हिशोबात तर मुळीच बसत नाही.

दुसरी गोष्ट भाच्याला आवर्जून सांगा. ५ डिसेंबर २०१८ ला फाल्कनचा एक टप्पा किनाऱ्यावरच्या जागेकडं परत येत होता. दिशा सांभाळणाऱ्या जाळीदार पंखांचा हायड्रॉलिक पंप अडकला आणि टप्पा गरगर फिरायला लागला. तो पडला कुठं? किनाऱ्यालगतच्या पाण्यात. हे नशीब नव्हतं. शेवटपर्यंत त्याचा नेम मुद्दाम पाण्यावरच धरलेला असतो. सगळं ठीक आहे अशी खात्री पटली तरच अगदी शेवटी तो जमिनीकडं वळतो. त्यामुळं "कुठं उतरेल" याच्या आधी "चुकलं तर कुठं पडेल" हे ठरवावं लागतं. किनाऱ्याजवळच्या जागेला हे उत्तर शेजारीच मिळतं. आपल्याकडं समुद्र नाही.

हिंगोलीकर (औंढा नागनाथ)

सर, चुकलं तर काय होतं त्याची चुणूक चंद्रपूरकरांनी पाहिली आहे. एप्रिल २०२२ मध्ये सिंदेवाही तालुक्यात आभाळातून तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं आणि गोळे पडले होते. चिनी रॉकेटचा जुना टप्पा असावा असं जाणकारांनी सांगितलं. तो काही उतरवलेला नव्हता, आपसूक कोसळला होता. पण गावकऱ्यांना त्यात फरक काय?

मग उत्तर "नाही" असंच समजायचं का?

नाथसागर

कक्षेत जाणाऱ्या रॉकेटसाठी "नाही"च. पण उतरायला शिकण्यासाठी वेगळी जागा लागते, आणि ती समुद्रापासून लांब असली तरी चालते.

शिकणारं रॉकेट फार वर जात नाही. सरळ वर उठतं, थांबतं, त्याच जागी खाली येतं. अमेरिकेत डीसी-एक्स नावाच्या यानानं ऑगस्ट १९९३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्सला असं पहिलं उड्डाण केलं. स्पेसएक्सचं ग्रासहॉपर २०१२-१३ मध्ये टेक्सासातल्या मॅकग्रेगरला उड्या मारत होतं, शेवटची उडी ७४४ मीटर. ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू शेपर्ड रॉकेट नोव्हेंबर २०१५ मध्ये पश्चिम टेक्सासच्या ओसाड भागात उतरलं. १७ जून २०२५ ला होंडानं जपानच्या होक्काइडो बेटावरच्या ताइकी गावात सहा मीटर लांबीचं रॉकेट २७१ मीटर वर नेऊन परत आणलं. ठरल्या जागेपासून चूक किती? ३७ सेंटिमीटर. ताइकी हे शेतीचं आणि दुधाचं गाव आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडं इस्रोनंही उतरण्याचा सराव समुद्रापासून लांबच केला. कर्नाटकात चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर एप्रिल २०२३, मार्च २०२४ आणि जून २०२४ असा तीनदा. तिथं चिनूक हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर उंचीवरून 'पुष्पक' हे पंखवालं यान सोडलं, आणि ते विमानासारखं धावपट्टीवर आलं. उतरतानाचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर होता. ही गोष्ट वेगळ्या जातीची, त्याला लांब धावपट्टी लागते. पण मुद्दा तोच. चित्रदुर्गचा माळ आपल्यासारखाच दख्खनचा, कमी पावसाचा, आभाळ मोकळं असलेला.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली, त्याचा पहिला टप्पा परत वापरायचा आहे. म्हणजे उतरण्याचा सराव आपल्या देशात वाढणारच. भाच्याचा प्रश्न वेळेवर आला आहे.

काळी आई (मानवत)

मिस्त्रीदादा, मी शेतकरी बाई. रॉकेटमधलं मला कळत नाही, पण जागा निवडण्यातलं कळतं.

आमचे आजे खळं कुठं करायचं ते ठरवायचे. गुळगुळीत जमीन दिसली म्हणून तिथं खळं घालायचे नाहीत. आधी वाऱ्याचा रोख बघायचे, कारण उफणताना वारा लागतो पण वावटळ चालत नाही. जरा उंचवटा बघायचे, अवकाळी पाऊस आला तर पाणी साचू नये म्हणून. मग ती जागा खणून, पाणी मारून, बैल फिरवून घट्ट करायची आणि शेणानं सारवायची. सारवायचं कशासाठी? ज्वारीत माती येऊ नये म्हणून. काळ्या रानात खळं कधीच केलं नाही, कडेच्या पांढरीत नाहीतर मुरमाडात केलं.

आमचं रान भारी काळं. मे महिन्यात भेगेत काठी घातली तर हातभर आत जाते. पाऊस पडला की तीच भेग मिटते आणि जमीन फुगून वर येते. गावात धान्य ठेवायला एक मोठं गोदाम बांधलं होतं. त्याची फरशी दुसऱ्या पावसाळ्यात मधोमध उचलली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात खाली बसली. दार लागेना. तुमचं रॉकेट चार पायांवर उभं राहणार, तर एक पाय वर नि एक खाली झाला तर कसं?

माळावरचा मिस्त्री

ताई, तुमचा खळ्याचा दाखला मी भाच्याला जसाच्या तसा वाचून दाखवला.

काळ्या मातीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी ओढून घेते आणि फुगते, सुकली की आकसते. ही ओढाताण एवढी जबर असते की वरची हलकी फरशी तिला दाबून धरू शकत नाही. तीन-चार मजल्यांच्या घराचं वजन धरतं, पण नुसतं सपाट काँक्रीट धरत नाही. उतरण्याचा कट्टा म्हणजे नेमकं सपाट, पसरट आणि हलकं बांधकाम. काळ्या रानात त्याच्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

फाल्कनचे पाय पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण १८ मीटर भरतात, आणि वर चाळीस मीटरचा रिकामा डेरा. कट्ट्याला दोन-तीन इंचांचा उंचवटा आला तर ते सोसतील, पायात मधमाशीच्या पोळ्यासारखा अॅल्युमिनियमचा भाग असतो, तो चेपून धक्का खातो. पण पायच दगा देतो तेव्हा काय होतं ते दोनदा दिसलं आहे. डीसी-एक्सची सुधारलेली आवृत्ती जुलै १९९६ मध्ये व्यवस्थित उतरली, चारातला एक पाय उघडलाच नव्हता, ती कलंडली आणि जळून गेली. जानेवारी २०१६ मध्ये फाल्कनचा टप्पा तराफ्यावर बरोबर जागी टेकला, एका पायाची खीळ बसली नाही, आडवा झाला आणि फुटला. एक पाय गेला की उंच वस्तूला दुसरी संधी नसते.

काळ्या जमिनीवर बांधताच येत नाही असं मात्र नाही. टेक्सासात वॅकोच्या आसपास काळ्या, फुगणाऱ्या मातीचा मोठा पट्टा आहे, तिथंही कापूस पिकायचा. मॅकग्रेगर त्याच परिसरात येतं. करायचं ते असं की काळी माती शक्य तितकी काढून टाकायची, तिथं न फुगणारा चांगला मुरूम सहा-सहा इंचाच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर द्यायचा. सगळ्यात मोठं काम कडेचं. कट्ट्याच्या चारही बाजूंनी पाणी लांब न्यायचं, म्हणजे खालची माती वर्षभर एकाच ओलीत राहते. खर्च याच कामात जातो, आणि ठेकेदार चुकारपणा करतो तोही इथंच. माझ्या धंद्यातले लोक वाचत असतील तर रागावू नका, मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यापेक्षा जिंतूरकडचा, अजिंठ्याच्या रांगेतला, बालाघाटातला माळ बरा. फूट-दोन फूट मुरूम, खाली कच्चा खडक, त्याच्याखाली काळा पाषाण. पाया आयता मिळतो. आणि पिकाचं रान जात नाही.

खडी क्रशर (अंबाजोगाई)

पाया झाला, आता वरच्या थराचं बोलू. माझा खडीचा धंदा आहे.

आमच्याकडं चुलीला नदीतला ओला गोटा कोणी लावत नाही. का, ते प्रत्येक घरात माहीत आहे. तापला की फुटून उडतो. काँक्रीटचं हेच होतं. ते कितीही सुकलेलं दिसलं तरी आत पाणी असतं. वरून एकदम आच आली की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर यायला वाट नसते, मग वरचा पापुद्रा ताडकन उडतो. चारशे-पाचशे अंशांना सिमेंटच्या आतला चुन्याचा भागही पाणी सोडायला लागतो आणि भुगा होतो. खडीत गारगोटीचा दगड असेल तर ५७३ अंशांना तो एकदम फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

इथं मराठवाड्याचं नशीब चांगलं आहे. आपली सगळी खडी बेसाल्टची. काळा पाषाण मुळातच लाव्हाचा, त्यात गारगोटी जवळजवळ नसते. आगीत गारगोटीच्या खडीपेक्षा तो जास्त टिकतो. फक्त पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेला दगड घ्यायचा नाही, त्या स्फटिकांत पाणी असतं.

सिमेंटही साधं नको. भट्टीला वापरतात ते अॅल्युमिना जास्त असलेलं सिमेंट येतं. अमेरिकेत रॉकेट सुटण्याच्या तळांवर आग लागते तिथं त्याच जातीचा थर देतात. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे काँक्रीटमध्ये प्लास्टिकचे बारीक धागे मिसळणे. आच लागली की धागे वितळतात आणि वाफेला बारीक वाटा मिळतात. बोगद्यांच्या कामात हे सर्रास करतात.

आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं. चुलवणाला आतून माती आणि भट्टीच्या विटाच. एकदा नव्या गुळव्यानं तोंडाला सिमेंटचा गिलावा केला, चौथ्या आधणाला तो कढईत पडला. सगळा गूळ गेला. आजीनं त्या दिवशी जेवण केलं नाही.

नाथसागर

फार मोलाची माहिती. यात वेळेचा हिशोब जोडतो.

फाल्कनचा टप्पा उतरताना नऊपैकी शेवटी एकच इंजिन चालू असतं. ते कितीही मंद केलं तरी त्याचा जोर रिकाम्या टप्प्याच्या वजनापेक्षा जास्तच राहतो. म्हणजे तो हवेत थांबून इकडं-तिकडं जागा बघू शकत नाही. वेग शून्य होण्याचा क्षण आणि जमीन लागण्याचा क्षण एकच असावा लागतो, नाहीतर तो पुन्हा वर जायला लागेल. म्हणून त्यांच्या उतरण्याच्या जागेवर रडारला ठळक दिसेल असा रंगही दिलेला आहे. यात काँक्रीटचा एक फायदा असा की ज्योत त्याला जेमतेम काही सेकंद लागते.

ज्योत जास्त आणि जोराची असली की काय होतं ते २० एप्रिल २०२३ ला दिसलं. स्पेसएक्सच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात ३३ पैकी तीसएक इंजिनं एकदम पेटली, खालचं काँक्रीट फुटून मोठमोठे ढेपे उडाले, खाली खड्डा पडला, आणि दहाएक किलोमीटरवरच्या पोर्ट इझाबेल गावात रेतीसारखी धूळ बसली. ते उडताना झालं, उतरताना नव्हे. पण पृष्ठभागाचा धडा तोच. नंतर त्यांनी खाली पाण्यानं थंड होणारी पोलादी प्लेट बसवली. आणि उतरण्यासाठी तर जमीनच नको म्हणाले. १३ ऑक्टोबर २०२४ ला त्या रॉकेटचा खालचा टप्पा मनोऱ्याच्या दोन हातांनी हवेतच झेलला.

पण मला सगळ्यात जास्त भीती धुळीची वाटते, काळी आई ताईंनी सारवणाचं सांगितलं तेव्हाच हे आठवलं. मार्च १९८२ मध्ये कोलंबिया हे अमेरिकेचं स्पेस शटल जातीचं अवकाशयान कॅलिफोर्नियात उतरणार होतं. तिथला कोरड्या तळ्याचा तळ पावसानं भिजला, म्हणून ते न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्सला नेलं. तिथली जमीन जिप्समची, घट्ट आणि सपाट, यान पेलायला उत्तम. एक दिवस धुळीच्या वादळानं थांबवलं, ३० तारखेला ते उतरलं. यान सुखरूप, पण ती पिठासारखी पांढरी धूळ आत सगळीकडं शिरली आणि पुढं कित्येक वर्षं निघत राहिली. शटल परत तिथं कधी उतरवलं नाही.

चंद्रयान ३ उतरताना किती माती उडाली? इस्रोच्या हिशोबानं सुमारे दोन टन, शंभर चौरस मीटरवर. तिथं हवा नाही, शेजारी घरं नाहीत. इथं आपल्या माळावरचा मुरूम उघडा ठेवून ज्योत लावली तर वायू आधी बारीक माती उडवेल, मग खडे, मग खाली भोक पाडत जाईल. उडालेला खडा इंजिनाच्या नळकांड्याला लागला की ते रॉकेट पुन्हा वापरायचं म्हणजे कोणाचा जीव धोक्यात घालायचा.

मिस्त्री, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच सांगतो, की वजनासाठी मुरूम पुरतो. ज्योत आणि धूळ यांच्यासाठी तो सगळा खटाटोप आहे.

मेंढरामागं (पाटोदा)

सगळं वाचलं. दादा, सर, राग मानू नका. पहिल्याच पोस्टमधी "नुसतं कुसळ" लिहिलंय ना, तिथंच मी थांबलो.

ते कुसळ म्हणजे आमच्या मेंढरांचं पोट. आखाडापासून दिवाळीपर्यंत आमचा कळप माळावरच असतो. नकाशावर ती जागा गायरान म्हणून पांढरी दिसते. आमच्याकडं आधी पवनचक्क्या आल्या. त्या येताना पण हेच म्हणले की हितं काहीच नाही. रस्ते झाले, खांब झाले, कळपाची वाट मात्र मोडली. कुणी विचारलं नाही की पाणवठ्याला कसं जाता.

मी शिकलोय, भूगोलात बीए केलंय. रॉकेट मला पण आवडतं. व्हिडिओ मी पण तीनदा बघितला. माझं म्हणणं येवढंच की जागा शोधताना हवा, माती, दगड सगळं मोजता, तर तिथं कोण येतं-जातं ते पण मोजा. माळ रिकामा नसतो.

माळावरचा मिस्त्री

दादा, चूक माझी. मी ते सहज लिहून गेलो. आमच्या वरच्या माळावरही दोन कळप येतात, मला नावासकट माहीत आहेत, तरी लिहिताना डोळ्यापुढं आले नाहीत.

किल्लारी (औसा)

मी सहा वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. ६.२ चा भूकंप, जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातली तीन.

आवाजाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. उंचावरून परतणारा टप्पा ध्वनीपेक्षा वेगानं खाली येतो, त्यामुळं स्फोटासारखे आवाज होतात आणि ते कित्येक किलोमीटर ऐकू जातात. छोट्या उडीत तेवढा वेगच नसतो, तरी इंजिनाचा गडगडाट असतोच. आमच्या भागात अजूनही खिडकी थरथरली तर म्हाताऱ्या माणसांचे पाय आपोआप अंगणाकडं वळतात. माझी आई तर मोठा ट्रक गेला तरी उठून उभी राहते. तेव्हा असं काही करायचं झालं तर आधी गावात दवंडी द्या, वेळ सांगा आणि ती वेळ पाळा. न सांगता झालेला एक आवाज सगळं गाव रात्रभर बाहेर झोपवू शकतो.

हिंगोलीकर

किल्लारीकर, वाचून गलबलून आलं.

आवाज आणि कंपनं यांवरून आमच्या औंढ्याचं सांगतो. लायगो-इंडिया ही अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा इथं होते आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारो पटींनी लहान फरक पडला तरी तो पकडायचा. त्यासाठी जागा शोधताना जमिनीची शांतता मोजली. रेल्वे, महामार्ग, कारखाने किती लांब आहेत ते बघितलं. आमचा मागासलेपणाच तिथं गुण ठरला असं लोक म्हणतात, मला ते बोलणं आवडत नाही. शांतता हा आमच्या जमिनीचा गुणच आहे.

तेव्हा जिंतूर-औंढा पट्ट्यात रॉकेटच्या उड्यांचा विचार कोणीही करू नये, अशी माझी हात जोडून विनंती. जिंतूर इथून किती जवळ आहे ते मिस्त्रींना माहीत आहे. एका जागेचं दुसऱ्या जागेशी पटतं का, हेही निवडीत धरावंच लागतं.

नाथसागर

हिंगोलीकरांचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्याकडूनही जिंतूर बाद.

भाच्याला एक सावधगिरी. इंजिन पेटवण्याच्या नादी आत्ता लागू नका. देशात खासगी अवकाश कामाला परवानगी देण्याचं काम 'इन-स्पेस' करतं, आणि इंधनाचे कायदे वेगळे. पण उतरणं शिकायला इंजिन लागतंच असं नाही. पायांचा सांगाडा करा, दोरीनं उंचावरून सोडा, तिरक्या जमिनीवर, मुरमावर, फरशीवर, आणि कोणत्या कोनाला तो कलंडतो ते लिहून ठेवा. पृष्ठभागाची परीक्षाही घरच्या साधनांनी होते.

माळावरचा मिस्त्री

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघायचं होतं.

खडी क्रशरवाल्या भाऊंनी बेसाल्टची बारीक खडी पाठवली, पैसे घेतले नाहीत. मी आणि भाच्यानं दोन-दोन फुटांचे तीन ठोकळे ओतले. एक साधा, पाण्यात ठेवून ओलाच काढलेला. दुसरा साधाच, पण उन्हात पुरता वाळवलेला. तिसऱ्यात धागे मिसळले आणि तोही ओलाच काढला. डांबर तापवायच्या बर्नरनं एकेकाला आच दिली. पुढं पत्रा लावला होता, डोळ्याला चष्मे होते, लहान पोरांना घरी ठेवलं होतं.

ओला साधा ठोकळा काही मिनिटांत बोलायला लागला. आधी बारीक टिकटिक, मग फटाका फुटावा तसा तळहाताएवढा पापुद्रा पत्र्यावर येऊन आदळला. भाचा दोन पावलं मागं सरला. वाळलेला ठोकळा पांढुरका झाला, बारीक चिरा पडल्या, उडाला नाही. धाग्यांच्या ठोकळ्यातून पाणी घामासारखं बाहेर आलं, वाफ निघाली आणि तो शांत राहिला. बावीस वर्षांत काँक्रीटला घाम आलेला मी पहिल्यांदा बघितला. तीन ठोकळ्यांवरून नियम काढता येत नाही, हे भाच्यानं वहीत आपणहून लिहिलं, त्याचा मला जास्त आनंद झाला.

मग धुळीचं बघितलं. फवारणीचा पाठीवरचा ब्लोअर घेऊन तीन जागांवर सारखाच वारा मारला. उघडा मुरूम पहिल्याच झोतात धुरळला. रोलर फिरवलेला मुरूम थोडा वेळ टिकला, मग कडेनं सुटला. काळी आई ताईंच्या सांगण्यावरून एक तुकडा आईकडून शेणानं सारवून घेतला होता. त्या वाऱ्यात तो हलला नाही. ज्योत लागली तर तो जळेल हे उघड आहे, त्यामुळं मधे काँक्रीट आणि त्याच्याभोवती, जिथं आच पोचत नाही पण वारा पोचतो, तिथं असा बांधलेला थर द्यावा असं आम्हाला वाटतं. शेणाऐवजी चुना किंवा डांबराचा हलका थर चालेल का, ते बघायचंय.

आता पायांच्या सांगाड्याची पाळी. तो दोरीनंच सोडायचाय, इंजिन नाही, तरी जिंतूरचा माळ नको असं भाच्याचंच मत पडलं. त्याचं कॉलेज लातूरला, म्हणून बालाघाटातला, अंबाजोगाईच्या बाजूचा माळ बघतोय. कोणाकडं वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र असेल तर चार दिवस द्यावं, जपून परत करू.

मेंढरामागं (पाटोदा)

मिस्त्रीदादा, यंत्र आमच्याकडं नाही. पण अंबाजोगाईच्या त्या अंगाला माझ्या मामाचा कळप असतो. दिवाळीनंतर ते खाली उतरतात, ते मिरगापर्यंत येत नाहीत. तेवढे महिने माळ मोकळा. पौषात सकाळी नऊपर्यंत वारा पडलेला असतो, दहानंतर उगवतीकडनं सुटतो.

पाणवठ्याची वाट सोडून खालच्या अंगाला एक टेकाड आहे, वर सपाट. मामाचा नंबर मेसेजमधी पाठवतो. तारीख ठरायच्या आधी त्याला फोन करा. मी पण येतो.